शेरूचं तिकीट काढायच्या आधी

पत्र

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही केळापूर तालुक्यातले. घरी चौदा एकर वावर, कपाशी अन् तूर. आमचे मिस्टर दोन वर्षांपासून जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरीला आहेत. आता माझा अन् मुलाचा व्हिसा आला, पोळा झाला की आम्ही निघणार. मिस्टरांनी दिवाळीला इकडे यायची सुटी टाकली होती, ती आता रद्द करतो म्हणतात.

मुलगा सात वर्षांचा आहे. त्यानं एकच धरून ठेवलं आहे, शेरू येत नसेल तर मी पण येत नाही. शेरू आमचा गावठी कुत्रा, चार वर्षांचा. कापसाच्या काट्यावर तोलला तर १८ किलो भरला. मनी नावाची मांजर पण आहे, ती पोराच्या अंथरुणातच झोपते. शेरूला मागच्या वर्षी गावात शिबिर झालं तेव्हा रेबीजची सुई दिली होती, त्याचं कार्ड आहे. एक एजंट म्हणतो पंधरा दिवसांत सगळे कागद करून देतो, फक्त पैसे आधी द्या. नागपूरहून परदेशी विमान जातंच, तर तिथूनच नेता येईल का? पेटी आमच्या गावचा सुतार बनवून देतो म्हणाला. सासरे काही बोलत नाहीत. शेरू रात्री त्यांच्यासोबत वावरात जागलीला जातो, तेवढं एक आहे. कोणत्या कंपनीचं तिकीट काढू ते सांगा.

— एक वाचक भगिनी, ता. केळापूर, जि. यवतमाळ

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्नासाठी, आणि दुसऱ्यांदा ते जागलीचं वाक्य पुन्हा बघण्यासाठी. त्याच्याकडे नंतर येतो. आधी त्या एजंटाचं बघू, कारण तुमचे पैसे अजून तुमच्याच हातात आहेत असं मी धरून चालतो.

पंधरा दिवसांत हे काम होत नाही. एजंट प्रामाणिक असला तरी होत नाही, कारण इथं कागदापेक्षा कॅलेंडर मोठं आहे. भारतातून युरोपीय संघातल्या कोणत्याही देशात कुत्रं किंवा मांजर न्यायचं तर क्रम ठरलेला आहे. आधी मायक्रोचिप. चिप बसल्यावर रेबीजची सुई. सुईनंतर किमान ३० दिवस गेले की रक्ताचा नमुना. त्या रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) दर मिलीलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी भरली पाहिजेत, आणि ही तपासणी युरोपीय आयोगाच्या यादीतल्या प्रयोगशाळेतच झाली पाहिजे. अहवाल चांगला आला तरी लगेच निघता येत नाही. रक्त काढलं त्या तारखेपासून तीन महिने थांबायचं, मगच प्रवेश. म्हणजे आज सुरुवात केली तरी चार महिने. तुम्ही पोळ्यानंतर निघणार, आणि हे छापून येईल तेव्हा मृग लागून आठवडा झालेला असेल. बोटं मोजा. शेरू काय अन् मनी काय, पोळ्याला तुमच्यासोबत जाऊ शकत नाहीत. मांजरीला नियम हलका असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, दोघांना हाच क्रम.

एवढी कडक अट का, तर भारत रेबीजच्या बाबतीत त्यांच्या यादीबाहेरचा देश आहे. जर्मनीत जमिनीवरच्या प्राण्यांमधला रेबीज २००८ पासून संपलेला आहे, वटवाघळांचा तेवढा अपवाद. आपल्याकडे पिसाळलेलं कुत्रं चावलं ही बातमी अजून गावोगाव निघते. रेबीजचं विषाणू अंगात शिरल्यावर महिनोन् महिने गप्प बसू शकतं. तीन महिने थांबवतात ते त्यासाठी, आणि यात त्यांचं चुकतं असं मला तरी म्हणता येत नाही.

आता तुमच्या शिबिराच्या कार्डाबद्दल. ते जपून ठेवा, शेरूच्या अंगाला त्या सुईचा फायदा झालेलाच आहे. पण प्रवासाच्या हिशेबात ती सुई शून्य, कारण तेव्हा त्याला चिप नव्हती. सुई ह्याच कुत्र्याला दिली हे कशावरून, असं ते विचारतात, आणि त्याचं उत्तर फक्त चिप देऊ शकते. चिप म्हणजे तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी नळी, मानेच्या बाजूला कातडीखाली सुईनंच सोडतात. तिच्यात १५ आकडी नंबर असतो. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची चिप मागा, नाहीतर तिकडच्या यंत्राला ती वाचताच येणार नाही.

चिप आणि सुई एकाच दिवशी चालते, फक्त चिप आधी. हे मी इतकं घोळून सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या बहिणीची मुलगी वर्ध्याहून नेदरलँडला निघाली होती, तिची एक करडी बोकी होती. एका दवाखान्यात सुई दिली ९ तारखेला आणि चिप बसवली १० तारखेला, कारण ९ ला चिप संपलेल्या होत्या. कागद माझ्याकडे आणून दाखवले. मी चष्मा लावून पाहिले, शिक्का आहे, सही आहे, बॅच नंबर आहे, म्हटलं झकास. नोकरीत तीस वर्षं असलेच शिक्के मारले, पण दोन तारखांचा क्रम माझ्या ध्यानात आला नाही. तो आला शेवटच्या तपासणीत, दुसऱ्याच्या. पुन्हा सुई, पुन्हा तीस दिवस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. पोरगी एकटी गेली आणि बोकी सहा महिने माझ्या घरी राहिली. पडदे फाडले ते वेगळंच.

तेव्हा चिप बसली की डॉक्टरांना म्हणा, यंत्र फिरवून नंबर दाखवा, आणि मगच सुईची कुपी फोडा. कुपीवरचा चिकटपट्टीचा कागद कार्डावर लावून घ्या. कार्डावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का हवा. सुई कुठं घेता हेही बघा. लस थंडीत राहिलेली पाहिजे, आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाइन दोन-दोन दिवस जाते हे मी तुम्हाला काय सांगू. गावच्या दवाखान्यातला फ्रिज बंद पडलेला असेल तर डॉक्टर कितीही भला असो, रक्तात ०.५ भरणार नाही, आणि ते कळेल दीड महिन्यानं. चिप तालुक्याला मिळायची नाही बहुधा. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सेमिनरी हिल्सला, तिथं विचारा, नाहीतर यवतमाळ-नागपूरला कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने आहेत. फोन करून, चिप आणि लस दोन्ही आहेत का ते विचारूनच गाडी काढा.

मनीला आजवर एकही सुई नसेल, असा माझा अंदाज. पहिल्याच सुईवर कधी कधी ०.५ गाठत नाही. तिच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलून तीन-चार आठवड्यांनी दुसरी सुई घ्या आणि त्या दुसरीनंतर ३० दिवस मोजा. थोडा उशीर होईल, पण नापास होण्यापेक्षा बरा. आणि तिची नसबंदी करून घ्या. पिलांसकट मांजर विमानात बसवायची वेळ आणू नका.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग आता काय? आता एवढंच, की मिस्टरांना सुटी रद्द करू देऊ नका.

हिशेब असा बसतो. जूनच्या मध्यात चिप आणि सुई. जुलैच्या मध्यात शेरूचं रक्त. ऑक्टोबरच्या मध्यात त्याचे तीन महिने पूर्ण, मनीचे त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. तुम्ही आणि पोरगा पोळ्यानंतर ठरल्याप्रमाणे जा. मिस्टर दिवाळीला येतील, घर बघतील, आईवडिलांना भेटतील, आणि परतताना जनावर घेऊन जातील. सुटी जरा पुढं सरकवता आली तर दोघांचंही जमेल. मात्र कागदांवर मालक म्हणून पहिल्यापासून त्यांचंच नाव घाला. युरोपचा नियम आहे की पाळीव जनावरानं मालकासोबत, किंवा फार तर त्याच्या आगेमागे पाच दिवसांत प्रवास करायचा. तुम्ही सप्टेंबरात गेलात आणि तुमच्या नावाचं कुत्रं नोव्हेंबरात गेलं, तर ते पाळीव न धरता व्यापारी माल धरतात, आणि मग निराळेच कागद, निराळाच खर्च. मिस्टर स्वतः मालक आणि स्वतः सोबत असले की ही कटकटच नाही.

निघण्याच्या आठवड्यात शेवटचा कागद: युरोपीय नमुन्यातलं आरोग्य प्रमाणपत्र, इंग्रजी आणि जर्मन दोन्ही भाषांतलं. ते गावच्या डॉक्टरच्या सहीवर चालत नाही, केंद्र सरकारच्या पशु संगरोध व प्रमाणन सेवेच्या अधिकाऱ्याचंच लागतं. ते दिल्यापासून दहा दिवसांत जनावर तिकडच्या विमानतळावर उतरलं पाहिजे. हे कार्यालय देशात सहा ठिकाणी आहे: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू. नागपूर त्यात नाही.

म्हणून नागपूरहून निघायचा विचार सोडा. नागपूरहून दोहाला विमान जातं हे खरं. पण कागदासाठी तुम्हाला आधी दुसऱ्या शहरात जावंच लागणार, आणि त्या दोहाच्या कंपनीत, म्हणजे कतार एअरवेजमध्ये, मांजरसुद्धा मांडीजवळ घेता येत नाही, खालच्या कप्प्यात टाकावी लागते. एमिरेट्सचंही तसंच. गंमत अशी की कतारवाले शिकारी ससाणा केबिनमध्ये बसू देतात. अरबांचा ससाणा खुर्चीवर आणि आपली मनी सामानात! ज्याची जी हौस.

तुमचं गाव नागपूर-हैदराबाद रस्त्याला लागून आहे, त्याचा फायदा घ्या. पांढरकवड्याहून पाटणबोरी, पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी आणि हैदराबाद, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. स्वतःची किंवा ओळखीची गाडी असली की शेरू मागच्या सीटवर, खिडकीला नाक लावून. मुंबईला रेल्वेनं न्यायचं म्हटलं तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर मिळाली तरच कुत्रं सोबत ठेवता येतं, नाहीतर ब्रेकव्हॅनमधली पेटी. त्या पेटीत शेरूला कोंबून पाठवू नका, विमानाआधीच त्याचं अवसान जाईल.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोणती कंपनी. जनावर विमानात तीन तऱ्हेनं जातं. पहिली, केबिनमध्ये, मालकाच्या पुढच्या सीटखाली, मऊ पिशवीत. दुसरी, त्याच विमानात खालच्या कप्प्यात, जादा सामान म्हणून. तिसरी, कार्गो म्हणून, स्वतंत्र बिलावर. केबिनसाठी बहुतेक कंपन्यांची मर्यादा पिशवीसकट ७-८ किलो असते. लुफ्तान्सा ८ किलोपर्यंत घेते, पिशवी ५५ बाय ४० बाय २३ सेंटिमीटरच्या आत. मनी यात आरामात बसते. शेरू बसत नाही, तो खालच्या कप्प्यातच. इंडिगो अंध-अपंगांच्या मदतनीस कुत्र्यांशिवाय जनावर घेतच नाही, म्हणून देशातला जोडप्रवास त्यांच्या विमानानं आखू नका. एअर इंडिया घेते.

कंपनीचं नाव बघताना एक खोच आहे. तिकिटावर नाव एकाचं आणि विमान दुसऱ्याचं, असं हल्ली सर्रास असतं. जनावराला नियम लागतो तो ज्याचं विमान त्याचा. म्हणून जमलं तर मध्ये न बदलता थेट जाणारं विमान घ्या, दोनशे-चारशे युरो जास्त गेले तरी. फ्रँकफर्टला उतरा. तिथं जनावरांची तपासणी, डॉक्टर, सगळं विमानतळावरच आहे, आणि स्टुटगार्ट तिथून गाडीनं काही तासांवर. तिकीट मात्र ऑनलाइन बटण दाबून काढायचं नाही. एका विमानात किती जनावरं घ्यायची याला मर्यादा असते. आधी कंपनीला फोन, जनावराचं वजन आणि पेटीची मापं सांगायची, जागा पक्की झाल्याचं लेखी उत्तर घ्यायचं, आणि मगच माणसाचं तिकीट. पैसे भरून बसलात आणि नंतर जागा नाही म्हणाले तर रडून उपयोग नाही.

सुताराला नको म्हणा. त्याच्या कामात खोट नसेल, पण परदेशात जाणाऱ्या लाकडी पेटीच्या लाकडावर कीड मारण्याची प्रक्रिया केल्याचा शिक्का मागतात, आणि तो आपल्या गावच्या सागाला कुठून येणार? जाड प्लास्टिकची तयार पेटी घ्या. तिला चारी बाजूंनी हवा लागली पाहिजे, दार लोखंडी जाळीचं, दोन्ही अर्धुकं खटक्यांवर नको, नटबोल्टनं आवळलेली. चाकं असली तर काढून टाकायची. पाण्याची आणि खाण्याची वाटी दाराला आतून अडकवलेली, पण बाहेरून भरता येईल अशी.

माप आंतरराष्ट्रीय विमान संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, नियमानं घ्या. शिंप्याची टेप आणा आणि शेरूला भिंतीला लावून उभा करा, मुलाला भाकरीचा तुकडा घेऊन समोर बसवा म्हणजे तो हलणार नाही. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी. जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची. खांद्यांची रुंदी. आणि उभा असताना जमिनीपासून डोक्याच्या, कान ताठ असतील तर कानांच्या, टोकापर्यंत. पेटीची लांबी म्हणजे शेरूची लांबी अधिक कोपराच्या उंचीचं निम्मं. समजा तो ७५ सेंटिमीटर लांब आणि कोपर ३० वर, तर पेटी आतून ९० ची. रुंदी खांद्यांच्या दुप्पट, उंची कानांच्या टोकाएवढी आणि वर अंथरुणाची जाडी. थोडक्यात त्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. विमानतळावरचा माणूस हेच बघतो, आणि कान छताला टेकले तर परत पाठवतो.

पेटी लवकर आणा, सप्टेंबरच्या आत. शेरूच्या गळ्यात कधी साखळीसुद्धा पडली नसेल. पेटी ओसरीत ठेवा, दार काढून टाका, आत आबाजींचं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं, जुनं धोतर अंथरा आणि रोजची भाकर आतच घाला. महिनाभरात तो आपणहून आत जाऊन पडेल. मग दार लावायला सुरुवात, आधी पाच मिनिटं, मग तासभर. ज्या कुत्र्यानं पेटीत दोन महिने झोप काढली ते कुत्रं विमानातही झोपतं. खालच्या कप्प्याची लोकांना उगाच भीती असते. जनावरं ठेवतात त्या भागात हवेचा दाब आणि उष्णता माणसांच्या केबिनसारखीच राखतात, फक्त अंधार आणि आवाज असतो. झोपेची गोळी मात्र अजिबात देऊ नका, कोणी कितीही सांगो. उंचीवर गुंगीतल्या जनावराचा रक्तदाब आणि श्वास ढासळू शकतो, आणि गुंगलेलं जनावर कंपन्या घेतही नाहीत. निघण्याआधी तीन-चार तास हलकं खाणं, पाणी शेवटपर्यंत, आणि पेटीत ठेवायच्या आधी दहा मिनिटं मातीवर फिरवणं. गोचिडांचा बंदोबस्त आठवडाभर आधी.

दिवाळीनंतर जाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे ऊन. पुष्कळ कंपन्या उन्हाळ्यात खालच्या कप्प्यासाठी जनावर घेणं थांबवतात, कारण विमानात चढवायच्या आधी पेटी विमानतळाच्या उघड्या फरशीवर थांबते. आपल्या मे महिन्यात त्या फरशीवर काय होईल ते वेगळं सांगायला नको. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जनावरांना तर कित्येक कंपन्या बारा महिने नाही म्हणतात. शेरूचं नाक लांब आहे, तेवढं त्याचं नशीब.

मनीला केबिनमध्ये नेताना एक तयारी हवी. सुरक्षा तपासणीत तिला पिशवीतून बाहेर काढायला लावतात, पिशवी यंत्रातून जाते आणि मांजर मालकाच्या हातात दरवाज्यातून. त्या गर्दीत मांजर निसटली तर विमानतळाच्या छतात शिरेल आणि विमान निघून जाईल. म्हणून छातीभोवती बांधायचा पट्टा घ्या, आणि दोन महिने घरात तो घालूनच फिरू द्या. मिस्टरांना तिची सवय नाही, हेही लक्षात ठेवा. दिवाळीत चार दिवस तिला त्यांच्याच हातानं दूध-भात द्यायला लावा.

(हाच प्रश्न इतर देशांसाठी विचारणाऱ्यांना दोन ओळींत. इंग्लंडमध्ये कुत्रं-मांजर विमानानं फक्त कार्गो म्हणूनच उतरवता येतं, मदतनीस कुत्री सोडून, आणि कुत्र्याला पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पट्टकृमीचं औषध दिल्याची नोंद लागते. अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले, सहा महिन्यांखालचं कुत्रं चालत नाही आणि भारतात सुई घेतलेल्या कुत्र्याला तिकडच्या ठरावीक केंद्रात आधी जागा राखून ठेवावी लागते. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट नेताच येत नाही. आणि जे आईवडील मुलाकडे तीन महिन्यांसाठी जाताहेत त्यांनी कृपा करून जनावर नेऊ नये. जायला चार महिन्यांची तयारी, आणि परत आणताना भारताची परवानगी वेगळी.)

तर ताई, आता ते जागलीचं वाक्य. तुमच्या भागात रात्री वावरात रोही आणि रानडुकरं उतरतात, टिपेश्वरचं जंगल हाकेवर आहे, आणि वाघ अधूनमधून शिवारातून जातो. आबाजी रात्री कपाशीच्या धुऱ्यावर बसतात तेव्हा त्यांच्या आधी शेरूला कळतं की पलीकडं काय हललं. चार वर्षं तो हे करतोय. मी या भागात नोकरी केली आहे, आणि जागलीला माणसासोबत कुत्रं असणं आणि नसणं यातला फरक मला माहीत आहे.

आता हाच शेरू स्टुटगार्टच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवून बघा. तिकडं रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ असते. इथं ज्या भुंकण्यासाठी त्याला शाबासकी मिळते त्याच भुंकण्यासाठी तिथं शेजारी चिठ्ठी लावेल. कुत्रं ठेवायला घरमालकाला विचारावं लागतं, नगरपालिकेला कुत्र्याचा वार्षिक कर भरावा लागतो. मांजरीला कर नाही. मिस्टर नोकरीला, तुम्ही भाषेच्या वर्गाला, पोरगा शाळेत, आणि चौदा एकरात फिरलेलं कुत्रं दिवसभर खोलीत. कुत्री सवय करून घेतात, नाही असं नाही. गावठी कुत्रं तर कशातही जगतं. पण शेरूचं जग म्हणजे ते वावर. मनीचं तसं नाही, तिचं जग आजही पोराच्या अंथरुणाएवढंच आहे, ते उचलून तिकडं टाकलं की झालं. म्हणून माझं मत विचाराल तर मनीला न्या, शेरूला राहू द्या. खर्चाचंही आहे. शेरूसाठी चिप, रक्त, पेटी, विमान धरून एका चांगल्या दुभत्या म्हशीची किंमत जाईल असं समजून चाला, आणि मनीचा खर्च त्याच्या अर्धाही नाही.

पण हे माझं मत झालं. आबाजी गप्प आहेत. त्यांना "शेरूला नेऊ का" असं विचारू नका, नातवासाठी ते "न्या" म्हणतील आणि उठून गोठ्यात जातील. त्यांना विचारा, "यंदा जागलीला तुमच्यासोबत कोण येणार?" आणि हे विचारताना पोराला जवळ बसू द्या. सात वर्षांचं लेकरू आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ समजतं, फक्त त्याला ठरवल्यावर सांगायचं नसतं, ठरवताना बसवायचं असतं. त्याला शेरू हवाय म्हणजे त्याला नव्या देशाची भीती वाटतेय, हेही त्यात असेल. शेरू गावी राहिला तर रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आबाजींनी मोबाइल शेरूच्या तोंडापुढं धरायचा, असं आत्ताच ठरवून टाका. शेरू मोबाइल चाटेल, चालतं.

निर्णय आजच घ्यायची गरज नाही. शेरू जावो न जावो, दोघांना याच महिन्यात चिप आणि सुई देऊन टाका. सुई तर त्याला दरवर्षी लागणारच आहे, जागलीचं कुत्रं कोल्ह्यांशी भिडतं. रक्त काढायचं की नाही ते जुलैच्या मध्यापर्यंत ठरवा, कारण खरा खर्च तिथून सुरू होतो. नागपूरला जाताना शिबिराचं कार्ड न्या, मनीसाठी झाकणाची टोपली न्या आणि शेरूसाठी दोर. आणि पोराला एक वही न्यायला सांगा. डॉक्टर यंत्र फिरवतील तेव्हा जो १५ आकडी नंबर दिसेल तो त्यानं स्वतः लिहून घ्यायचा, शेरूचा एका पानावर, मनीचा दुसऱ्या पानावर. पुढं जो कागद हातात येईल, लसीचं कार्ड, रक्ताचा फॉर्म, प्रयोगशाळेचा अहवाल, तो आधी त्याच्या वहीशी एकेक आकडा लावून बघायचा. माझ्या चष्म्यापेक्षा त्याचे डोळे बरे असतील.